तिसरी ओळ

"टॉर्च यंत्रावर धर. माझ्या तोंडावर नको, ते दुरुस्त होण्यापलीकडे गेलंय," बाबा म्हणाले.

मी टॉर्च खाली वळवला. टेबलावर गवत कापायचं यंत्र उघडून ठेवलं होतं आणि पलीकडे स्टुलावर शाळेचे माळीकाका बसले होते. बाबांनी कार्बोरेटर सोडवून काचेच्या बशीत रिकामा केला. पेट्रोलबरोबर पाण्याचा एक टपोरा थेंब आला आणि तळाशी वेगळा जाऊन बसला.

"पेट्रोलचा डबा कुठं ठेवता?"

"आपलं ते... नळाजवळच."

"झाकण आहे?"

माळीकाका छताकडे बघायला लागले.

बाबांनी खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला. बिघडलेल्या प्रत्येक भागाला ते तारेने असा एक तुकडा बांधत. त्यावर तीन ओळी असत. यंत्र कोणाचं, काय झालं, कोणी केलं. तिसऱ्या ओळीसाठी अर्धं गाव त्यांच्यावर रुसलेलं होतं. 'जावयाने स्वतः उघडलं' असं एकदा लिहिलं, तर ते जावई वर्षभर फिरकले नाहीत.

"शाळा. पाणी शिरलं. माळी," बाबा लिहिता लिहिता म्हणाले.

"मला कशाला गोवता राव? झाकण हरवलं त्यात माझा काय दोष?"

बाबांनी विचार केला, 'माळी' खोडलं आणि लिहिलं, 'झाकण'.

"तुमच्या हातून कधी काही बिघडतच नाही वाटतं."

"एकदाच बिघडलं. पण कंजुषी केली नाही, अख्खं मैदान बघत होतं." बाबांनी माझ्याकडे मान वळवली. "ही कार्ट चालवायची. जमिनीला घासून पळतात ना त्या छोट्या गाड्या. तेरा वर्षांची होती. अंतिम शर्यतीत आठ फेऱ्या सगळ्यांच्या पुढं. आणि बापानं पेट्रोलमध्ये तेल मिसळताना माती खाल्ली. इंजिन जागच्या जागी जाम."

माळीकाका हसले. बाबाही हसले. ही गोष्ट ते गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगत होते, आणि दर वेळी ऐकणारा हसायचा.

"भिंगरे, टॉर्च हलतोय," बाबा म्हणाले.

माळीकाका गेल्यावर त्यांनी बशी पुसली. मग तोच एक नट त्यांनी तीनदा तपासला. पूर्वी ते एकदाच तपासत. मान वर न करता म्हणाले, "काही बोलायचंय का? तसं तोंड केलंयस म्हणून विचारतो."

"नाही. उशीर होतोय बाबा. पुढच्या रविवारी येते."

"ये. यंत्र जोडायला हात लागेलच."

हे रविवारी. मंगळवारी सकाळी हात धुवायला म्हणून ते मोरीपाशी गेले. नळ बराच वेळ वाहतोय म्हणून आई बघायला गेली.

मी सहा वर्षांची असताना बाबांनी मला पहिल्यांदा कार्टमध्ये बसवलं. एका गिऱ्हाइकाने भंगारात काढलेली ती चौकट होती. सीट इतकी मोठी की आईने स्पंजचे तुकडे उशीच्या खोळीत शिवून माझ्या दोन्ही बाजूंना कोंबले. तरी वळणावर बरगड्या सीटवर आपटायच्या, आणि रात्री अंगावर निळे डाग मोजत आई म्हणायची, "अहो, पोरीला मोटार शिकवताय का मार खायला?" मला ते डाग आवडायचे. कोणतं वळण मी घाबरून घेतलं आणि कोणतं नाही, ते त्यांच्यावरून कळायचं. बाबा वर्कशॉपच्या फरशीवर खडूने ट्रॅक काढायचे आणि मी अनवाणी त्यावरून चालायचे. कुठे ब्रेक, कुठे नुसता श्वास सोडायचा. बाहेरच्या मुली तसल्याच रेघांवर लंगडी खेळत असायच्या. मला कधी जावंसं वाटलं नाही. गरम टायरचा आणि जळत्या तेलाचा वास नाकात बसला की शाळा, मैत्रिणी सगळं पुसट व्हायचं.

तेराव्या वर्षी आम्ही अंतिम शर्यतीपर्यंत पोचलो. एका मोठ्या संघाचे मालक बघायला येणार होते. त्यांनी बाबांना शब्द दिला होता: आजचा दिवस नीट गेला, तर पुढल्या महिन्यापासून तुम्ही आमचे मुख्य मेकॅनिक आणि मुलगी आमच्या गाडीवर. बाबांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्यावर तेल उडू नये म्हणून आईचा जुना एप्रन.

सकाळच्या फेरीत एका मुलाने मला सरळ पट्ट्यावर मागे टाकलं. वळणावर मी त्याला धरायचे, सरळ पट्ट्यावर तो निसटायचा. मी रडकुंडीला आले. बाबा म्हणाले, "वळणं तुझी आहेत. सरळ रस्त्यावर काय, कोणीही पळतं." आणि टायरमधली हवा मोजायचं मीटर आणायला गेले.

त्यांचा लहान स्क्रू-ड्रायव्हर स्टँडवरच राहिला होता. कार्बोरेटरचा स्क्रू आत घेतला की इंधन कमी जातं, इंजिन तापतं, आणि जाम होण्याआधी थोडा वेळ वेड्यासारखं पळतं. हे मला बाबांनीच शिकवलं होतं, करू नये म्हणून. मी पाव फेरा आत घेतला. दोन सेकंदही लागले नाहीत.

आठ फेऱ्या मी पुढे होते. इतकी सुखी मी नंतर कधी झाले नाही, हेही लिहायला हवं. नवव्या फेरीत मागची चाकं अडकली आणि मी गरगरत गवतात गेले.

बाबा धावत आले. "लागलं का?" मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी इंजिनाजवळ हाताची उलटी बाजू नेली आणि चटकन मागे घेतली. संघाचे मालक पाठोपाठ येऊन उभे होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी हेल्मेट काढलं नव्हतं. काढलं असतं तर कदाचित बोलले असते.

"तेल मिसळताना माझं चुकलं," बाबा म्हणाले.

"होतं असं," मालक म्हणाले. त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

बाबांच्या त्या एका वाक्यावर मी वीस वर्षं काढली. त्यांना खरंच तसं वाटतंय, त्यांनी स्क्रू पाहिलाच नाही, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला फसवायला फारशी हुशारी लागत नाही. ते पंप आणि गवताची यंत्रं दुरुस्त करत राहिले, आणि प्रत्येक नट तीनदा तपासायला लागले. ते बघत पुन्हा हेल्मेट घालणं मला जमेना. अभ्यासाचं निमित्त सांगून मी कार्ट सोडली. सांगायचं कितीदा ठरवलं. पण जितकी वर्षं जातील तितकं ते सांगणं मोठं होत गेलं, आणि मी तेवढी मोठी झाले नाही.

बाबा गेल्यानंतर तीन आठवड्यांनी मी वर्कशॉप आवरायला घेतलं. वरच्या फळीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात फडक्यात गुंडाळलेला एक लहान कार्बोरेटर निघाला. मी तो बघताक्षणी ओळखला. बाबांनी सुटा भाग कधी पडून राहू दिला नाही. हा मात्र पुन्हा कशालाही लावलेला नव्हता. तारेने पुठ्ठा बांधला होता.

पहिली ओळ: भिंगरी.

दुसरी ओळ: स्क्रू पाव फेरा आत. तेल बरोबर होतं.

तिसरी ओळ कोरी होती.

मी स्टुलावर बसले. जावयालाही न सोडणारा माणूस. झाकणालासुद्धा न सोडणारा.

दारात कोणी खाकरलं. माळीकाका होते. "ताई, अवेळी आलो. गवत गुडघ्याएवढं झालंय, शाळेतून सारखं विचारतात. यंत्र जसं असेल तसं द्या, दुसरीकडं जोडून घेतो."

"बसा. मी जोडते."

त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही, पण बसले. यंत्राचा कार्बोरेटर बाबांनी साफ करून ठेवलाच होता. मी तो बसवला, नट आवळले, एकदा तपासले. माळीकाका माझ्या हातांकडे बघत होते.

"बापाचा हात आलाय तुमच्यात," ते म्हणाले. "सोन्यासारखा माणूस. एवढ्या वर्षांत एकच चूक, तीसुद्धा स्वतःच हसत सांगायचे. ते तेलाचं हो, तुमच्या शर्यतीचं."

मी पाना खाली ठेवला.

"काका, तेल बरोबर होतं," मी म्हणाले. "त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. स्क्रू मी फिरवला होता."