डोळ्यांवरचा पटका

"मेंढपाळांच्या तळावर गेलीस तर नुसतं बाप्यांशी बोलून परत फिरू नकोस. बायकांशी बोल," असं दादासो सरांनी शिवांजलीला बजावलं होतं. सर तिचे पहिले संपादक. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा तिचा साईराज अंगावर पीत होता, बातमी इतरांच्या आधी मोबाईलवर चढवायची घाई होती, आणि बायका तर पदर ओढून पाठमोऱ्या बसलेल्या. "हो सर, हो," म्हणत तिनं फोन ठेवला आणि बातमी सोडली. तासगावजवळ बेदाण्याच्या शेडवर राखणीला झोपलेलं अख्खं कुटुंब कुऱ्हाडीनं मारलं गेलं होतं. शेजारच्या रानात नानासो नावाच्या मेंढपाळाची मेंढरं बसलेली. 'जिथं मेंढरं, तिथंच मेंढका' हा मथळा शिवांजलीचाच. तो लोकांच्या तोंडी बसला.

नानासोला फाशीची शिक्षा लागली. ती कायम करायची की नाही, याची सुनावणी आता सोमवारी कोल्हापूरला हायकोर्टात होती. आणि आता कुठं, साताऱ्यात घरी वरणाला फोडणी देताना, तिला एका बाईचा फोन आला. "त्या राती ते मेंढरांपाशी नव्हतं. विट्याजवळ आमच्या तळावर या, म्हंजे सांगते." पुढं काही नाही.

नानासोच्या वकील राजेश्वरीताई म्हणाल्या, "बाई खरी असेल तर रविवारी सकाळी विट्याला घेऊन ये. मी तिचं म्हणणं शपथेवर लिहून घेते. त्यानंतर आणलीस तर कोर्ट ऐकेलच असं नाही."

साईराजचं अंग कणकणत होतं. ठेवायला कुणी नव्हतं. शिवांजलीनं त्याला कडेवर घेतलं आणि शनिवारच्या एसटीनं विटा गाठलं. विचारत विचारत दुपारी ती तळावर पोचली. नांगरलेल्या रानात वाघरीच्या जाळीचं कुंपण लावलेलं, आत करडं. नानासोची आई, दगडाबाई, एका कोकराला बाटलीनं पाजत होती.

"आलीस व्हय?" म्हातारीनं वर पाहिलंच नाही. "तवा आमची लुगडी दिसली न्हाईत तुला. आता बरी दिसली."

शिवांजलीनं साईराजला खाली उतरवलं. तेवढ्यात घोड्याच्या आडून एक तरणी बाई पुढं आली. नानासोच्या धाकट्या भावाची, अमृतची बायको, प्रांजल. मागं पोरगी, साईराजच्याच वयाची.

"पाणी दावते ताई, चला," ती मोठ्यानं म्हणाली, आणि ओढ्याकडं वळल्यावर आवाज खाली आणला. "बाप्यं मेंढरांसंगं जात्यात, आमी बायका बिऱ्हाडाच्या घोड्यांमागनं. थोरल्या दिराच्या पायात काटा मोडलेला. म्हणून त्या दिशी ते आमा बायकांसंगं घोड्यांमागनं आलं. सासू, आत्याबाई, फुडं गेल्याल्या. रातीला वाटंतच हिच्या येळचं माझं पोट दुखाय लागलं. दुसरं कुणीच न्हाई."

"मग?"

"थोरला दीर भावजयीकडं बघत बी न्हाई आमच्यात, आन् मी तर कवा बोलले बी नव्हते त्यांच्याशी. त्यांनी डोकीचा पटका सोडला आन् डोळ्यावर गच्च आवळला. म्हनले, तू सांग, मी करतो. मी सांगत गेले. नाळ मेंढरं भादरायच्या कातरीनं कापली. पटका न्हाई काढला शेवटपत्तूर." तिनं पोरीला जवळ ओढलं. "मला शपथ घातलीया. तुझी अब्रू कोर्टात नको म्हनले."

शिवांजलीला वाटलं, असं कुणी रचून सांगेल? आणि मग तिलाच आठवलं, तिनं स्वतः किती काय काय रचून लिहिलं होतं.

"काय सांगतीया गं?" अमृत मागं उभा होता. "दादा मेंढरांपाशीच हुता. मी हुतो बायकांसंगं."

"बाळंतपण म्या केलं," दगडाबाईनं लांबूनच हाळी दिली. "कुणाच्या बी तोंडाला काय बी येतंय!"

तिघांची तीन तोंडं. शिवांजली एकाकडून दुसऱ्याकडं बघत राहिली आणि मग हळूच तिच्या डोक्यात आलं: नानासो घोड्यांमागं होता, तर त्या रात्री मेंढरांवर एकटा कोण होता? अमृत जमिनीकडं बघत होता. भ्यालेला, की भाऊ जाणार म्हणून खचलेला, की आणखी काही? तिला कळेना. एक मुलगा सोडवायचा तर दुसरा अडकतो, हे दगडाबाईला मात्र कळलेलं दिसत होतं.

निघताना प्रांजल कानाशी म्हणाली, "उद्या येते स्टँडवर. पर आदी कुटं बोलू नगा."

"नाही गं बाई."

आणि परतीच्या गाडीत, पोर मांडीवर तापलेलं असताना, शिवांजलीच्या बोटांनी सवयीनं टाईप करून सोडलं: 'शेड हत्याकांडात नवा साक्षीदार! उद्या विट्यात मोठा उलगडा.' नाव कुठं घातलंय, असं तिनं स्वतःला समजावलं.

रविवारी सकाळी शिवांजली आणि राजेश्वरीताई विट्याच्या स्टँडवर उभ्या राहिल्या. सगळ्या गाड्या येऊन गेल्या. प्रांजलचा फोन बंद, अमृतचाही. रिक्षा करून त्या तळावर गेल्या तर तिथं नुसत्या लेंड्या आणि विझलेली चूल. राजेश्वरीताई म्हणाल्या, "मी कोल्हापूर गाठते, मुदत मागून बघते. तू तिला शोध." साईराजला उलट्या सुरू झालेल्या. शिवांजली एका हातानं त्याचं कपाळ चेपत होती आणि दुसऱ्या हातानं कालचं पुसून नवीन लिहीत होती. तिची बातमी वाचणाऱ्या सगळ्यांना ते गेलं:

'विटा, तासगाव, खानापूर, आटपाडी भागात आज कुणी रस्त्यानं जात असाल, तर मेंढरांच्या तळाजवळ जरा थांबा. पाणी मागा. हिरव्या लुगड्यातली एक तरणी बाई असेल, जवळ दोनेक वर्षांची पोरगी. तिला खटल्याचं काही विचारू नका, फोटो काढू नका. तिच्या घरच्यांसमोर काही बोलू नका. फक्त ती उभी आहे का, बोलते आहे का, धड आहे का, एवढं बघा आणि मला फोन करा. कुणीतरी बघून या.'