वळणावर दाबलेलं बटण

पाण्याच्या टाकीजवळची अ‍ॅम्ब्युलन्स हलवणार, ही नोटीस मी मुंगीला कडेवर घेऊन वाचली. मुंगी म्हणजे माझी मुलगी, दीड वर्षाची. तिला त्या कागदाचा कोपरा फाडायचा होता. मी तिचा हात धरून ठेवला होता. दुसरा परिच्छेद वाचून झाल्यावर सोडला.

त्यात लिहिलं होतं की रुग्णवाहिका फोनपासून पंधरा मिनिटांत पोहोचावी असं नगरपालिकेचं मानक आहे, आमच्या भागात गेल्या वर्षभरात शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा ते पूर्ण झालं, सबब इथे वेगळ्या गाडीची गरज उरलेली नाही. यापुढे नदीपलीकडच्या केंद्रातून सेवा मिळेल. हरकत असल्यास सोमवारी अकरा वाजता सभागृहात.

टाकीपासून आमच्या वळणापर्यंत यायला रहदारीत दहा मिनिटं लागतात. नदीपलीकडून पूल ओलांडून यायला अर्धा तास. हे सांगायला मानक नको, तो पूल एकदा ओलांडलेला असला की पुरे.

आणि अठ्ठ्याण्णव हा आकडा खोटा आहे हे मला माहीत होतं. कारण त्यातली एक खेप मी मोजली होती.

मी सगळंच मोजते. मुंगी जन्मल्यापासून माझ्याकडे एक वही आहे. दूध किती वाजता, शी किती वेळा, ताप किती, औषध कधी. नवरा म्हणतो, "हिचं चरित्र लिहितेयस की पंचनामा?" सासूबाई म्हणतात, "आम्ही तीन पोरं वाढवली, घड्याळाकडे बघायला मान वर करायची फुरसत नव्हती." मी दोघांनाही उत्तर देत नाही, लिहिते.

नोटिशीच्या दोन आठवडे आधीच्या मंगळवारी वहीत असं आहे. तीन अठ्ठावन्न, झटका सुरू, ताप एकशे तीन. चार वाजता फोन. फोनवरच्या बाई शांत आवाजात म्हणाल्या, "गाडी निघतेय मॅडम. पेशंटला एका कुशीवर ठेवा, हलवू नका." मी कुशीवर ठेवलं. हलवलं नाही. मी पदवीधर बाई आहे, सूचना पाळते.

चार अकराला सायरन ऐकू आला. सासूबाई गॅलरीत धावल्या. आमचा मजला चौथा, तिथून मोठ्या रस्त्याचं वळण दिसतं. "आली गं," त्या ओरडल्या. मग सायरन बंद झाला. मी मुंगीच्या तोंडावरचा फेस पुसत होते. तिचे ओठ जांभळे होते आणि टाच फरशीवर आपटत होती, एका लयीत, जणू कुणी दार वाजवतंय.

"कुठे आहे?"

"वळणावर उभी आहे."

"अजून?"

"उभीच आहे गं."

चार चौदाला मी पुन्हा फोन लावला. बाई म्हणाल्या, "मॅडम, गाडी पोहोचलीये."

"कुठे?"

"तुमच्याकडे. स्क्रीनवर दिसतंय ना मला."

मी दाराकडे बघितलं. दार सताड उघडं होतं. उंबऱ्याबाहेर आमच्या चपला होत्या.

गाडी दिसत होती म्हणून मी मुंगीला उचलून खाली पळाले नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांची कार दारात होती, किल्ली खिशात होती, ते जिन्यात उभे राहून "नेऊ का, नेऊ का" विचारत होते. मी म्हटलं, नको, आलीच ती. चार एकोणीसला झटका आपोआप थांबला. चार सव्वीसला ड्रायव्हर आणि सिस्टर धापा टाकत दारात आले. सत्ताविसाव्या मिनिटाला ऑक्सिजन लागला.

मुंगी वाचली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा येऊ शकतो, पाच वर्षांची होईपर्यंत धाकधूक राहील. "पाच मिनिटांत थांबला नाही तर एक क्षण वाट बघायची नाही." साडेतीन वर्षं. तेवढी वर्षं ती गाडी मला टाकीजवळ हवी आहे. माझं एवढंच म्हणणं आहे.

*

नोटीस वाचली त्याच दिवशी मी पालिकेच्या आरोग्य विभागात गेले. कारकुनाने संगणकात माझा फोन नंबर घातला, वाचलं आणि खुर्चीत मागे रेलला.

"बाई, तुमची गाडी अकरा मिनिटांत पोहोचलीये. मानकापेक्षा चार मिनिटं आधी. लोक उशिराची तक्रार आणतात, तुम्ही लवकर आल्याची घेऊन आलात."

शेजारच्या टेबलावरचे हसले. मीही हसले असते, बस चुकल्याची गोष्ट असती तर. मी त्या नोंदीची प्रत मागितली. त्याने अर्ज लिहायला लावला, मी लिहिला. दोन दिवसांनी प्रत मिळाली. तिच्यावर वेळांचे चार रकाने होते: फोन, निघाली, पोहोचली, रुग्णालय.

तिथून मी थेट टाकीजवळ गेले. ड्रायव्हर गाडीची मागची दारं उघडून आतली फरशी पुसत होता. मी ओळख सांगायच्या आत त्याने मुंगीला ओळखलं.

"बरीये ना ताई आता?"

"चार अकराला तुम्ही कुठे होतात?"

त्याने फडकं पिळलं. सावकाश, नीट. "वळणावर."

"मग पोहोचलो असं कुणी कळवलं?"

"ते बटण असतं," त्याने पुढच्या सीटजवळच्या टॅबकडे बोट केलं. "पोहोचलो की दाबायचं. पंधरा मिनिटं झाली की लाल होतं. महिन्यात तीन लाल झाले की नोटीस येते घरी. मग सगळेच वळणावर दाबतात ताई. मी नवीन होतो तेव्हा दारात दाबायचो. पहिल्याच महिन्यात पाच लाल. जुन्यांनी वेड्यात काढलं."

"म्हणजे अठ्ठ्याण्णव टक्के तुमचे आहेत."

"कसले अठ्ठ्याण्णव?"

त्याला नोटीस माहीतच नव्हती. मी फोटो दाखवला. त्याने तो दोनदा वाचला, दुसऱ्यांदा ओठ हलवत. मग गाडीच्या पायरीवर बसला.

"आम्हीच हिरवं दाबून दाबून..." त्याने वाक्य सोडून दिलं. फडकं गुडघ्यावर टाकून म्हणाला, "नदीपलीकडून यायचं म्हणजे पुलावरच दाबावं लागेल."

तो चेष्टा करत होता की काय, कळलं नाही. मला त्याची कीव यायला हवी होती बहुतेक. आली नाही. मी म्हटलं, "सोमवारी येऊन हे सांगा."

"ताई, नोकरी जाईल."

"माझी मुलगी जाणार होती."

त्याने मुंगीकडे बघितलं. मुंगी त्याच्या ओल्या फडक्याकडे बघून हात पुढे करत होती. मी वळले आणि चालू लागले.

*

सोमवारी सासूबाई म्हणाल्या, मीही येते, गुडघे गेले खड्ड्यात. मुंगी त्यांच्या मांडीवर. सभागृहात पंखे, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर पडदा. पडद्यावर आमचा भाग हिरवा. समितीच्या अध्यक्ष साठीच्या बाई होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आरोग्य अधिकारी तरुण होते, माझ्याच वयाचे. काठीने त्या हिरव्यावर टकटक करत ते म्हणाले, "हा आपला सर्वांत समाधानकारक विभाग."

माझी पाळी आली तेव्हा मी वही वाचली. तीन अठ्ठावन्नपासून. आवाज कापत होता. लोकांना वाटलं, रडू येतंय. रडू नव्हतं ते.

अधिकारी म्हणाले, "तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

"मी भावना वाचल्या नाहीत. वेळा वाचल्या."

"मान्य. पण घरगुती वही पुरावा म्हणून धरता येत नाही. अशा प्रसंगी आईला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. स्वाभाविक आहे. शिवाय तुमचं घड्याळ बरोबर होतं कशावरून?"

मागून सासूबाईंचा आवाज आला. "तिच्या घड्याळाच्या धाकाने आमच्या घरात दूधसुद्धा वेळेवर उतू जातं." लोक हसले. त्या हसल्या नाहीत. "मी गॅलरीत उभी होते. गाडी वळणावर होती, माझी नात घरात. तुमच्या पडद्यावर ती गॅलरी कुठेय, दाखवा."

अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. "आजी, मानकात 'रुग्णाच्या परिसरात पोहोचणे' असे शब्द आहेत. वळण परिसरातच येतं. तांत्रिकदृष्ट्या—"

"झटका परिसराला आला नव्हता," मी म्हटलं.

मग मी पिशवीतून दोन कागद काढून अध्यक्षबाईंपुढे ठेवले. एक पालिकेची प्रत, पोहोचली चार अकरा. दुसरा, मुंगीला रुग्णालयात सोपवताना सिस्टरने हाताने भरलेला कागद. त्याची कार्बन प्रत आम्हाला देतात, लोक ती फाइलमध्ये टाकून विसरतात. मी काहीच विसरत नाही, हा माझा रोग आहे. त्यावर सिस्टरच्या अक्षरात होतं: रुग्णाला प्रथम पाहिले, चार सव्वीस. ऑक्सिजन सुरू, चार सत्तावीस.

"ही माझी वही नाही," मी म्हटलं. "तुमच्याच माणसाने लिहिलंय. चार अकराला गाडी पोहोचली आणि चार सव्वीसला मुलगी पाहिली, तर मधली पंधरा मिनिटं तुमची माणसं माझ्या घरात काय करत होती? चहा तर मी दिला नव्हता."

अध्यक्षबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले आणि चष्मा वर सरकवला. "हे कागद आपल्याकडे असतात?"

"असतात," अधिकारी म्हणाले, "म्हणजे, रुग्णालयांच्या गठ्ठ्यात. त्यांची नोंद आपण संगणकात घेत नाही."

"वर्षभराचे?"

"बघावं लागेल."

तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकली. ड्रायव्हर होता, गणवेशात, टोपी हातात. तो आलाय हे मला माहीत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"बटण मी वळणावर दाबलं," तो म्हणाला. "सगळेच दाबतात मॅडम. दारात दाबलं तर लाल येतं."

अधिकारी लगेच वहीत लिहू लागले. अध्यक्षबाईंना म्हणाले, "ही गंभीर बाब आहे. संबंधित चालकाची चौकशी लावू."

माझं डोकं तेव्हा खरं फिरलं. तीन आठवड्यांत फिरलं नव्हतं इतकं. ज्या माणसाला मी मनातल्या मनात रोज शिव्या घालत होते, त्याच्याच बाजूने मी बोलायला लागले. "त्याची चौकशी करा, जरूर करा. पण मानक लिहिताना दाराऐवजी परिसर कुणी लिहिलं, त्याची आधी करा. लाल झालं की ड्रायव्हरच्या घरी नोटीस जाते. तुमच्या घरी कधी गेली?"

सासूबाईंच्या मांडीवर मुंगीने टाळी वाजवली, नुकतीच शिकली होती.

निर्णय असा झाला: गाडी हलवण्याचा प्रस्ताव वर्षभराचे हाताने भरलेले कागद तपासून होईपर्यंत स्थगित. ड्रायव्हरला खुलाशाची नोटीस. दोन्ही एकाच कागदावर, एक आणि दोन.

*

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. ड्रायव्हर, सिस्टर आणि त्यांच्यामध्ये रिकामं स्ट्रेचर. तिघंही घामाघूम, म्हणजे दोघं.

"किती मिनिटं झाली?" त्याने विचारलं.

"कशाची मिनिटं?"

"आजींना आधी सांगून ठेवलं होतं, वळणावरून मी हात करेन. त्या घड्याळ लावून उभ्या आहेत."

सासूबाई गॅलरीतून आत आल्या, त्यांच्या हातात माझा मोबाइल होता. "पाच मिनिटं दहा सेकंद," त्या म्हणाल्या. असा अभिमान मी त्यांच्या चेहऱ्यावर नातीच्या बारशालाही पाहिला नव्हता.

ड्रायव्हर सांगू लागला. पुढच्या गल्लीत गाड्या लावलेल्या असतात म्हणून मागच्या गल्लीने यायचं. मागच्या फाटकाचं कुलूप उघडायचं वॉचमनने कबूल केलंय. लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसत नाही, तेव्हा सिस्टरने पेटी घेऊन आधी वर पळायचं. त्याने सगळं कागदावर काढून आणलं होतं, बाण वगैरे.

मी तो कागद हातात घेतला. नीट काढलेला होता. तेवढ्यानेच माझा भडका उडाला.

"हे तेव्हा का नाही सुचलं?"

सिस्टरने मान खाली घातली. ड्रायव्हरने घातली नाही. तो सरळ बघत म्हणाला, "तेव्हा बटण दाबून झालं होतं, ताई. हिरवं झालं होतं. दाबून झालं की पाय उचलत नाहीत. आम्ही इमारत कुठली ते विचारत होतो. एकाला विचारलं, दुसऱ्याला विचारलं. चालत चालत."

मी त्याला पाणी दिलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. सासूबाईंनी दिलं.

ते गेल्यावर मी वही काढली आणि त्या मंगळवारचं पान उघडलं. चार अकराच्या ओळीखाली लिहिलं: वळणापासून दारापर्यंत, स्ट्रेचरसह, पाच मिनिटं दहा सेकंद. म्हणजे चार सोळा. चार एकोणीसच्या आधी. मग त्याचा बाणांचा कागद फोनशेजारी भिंतीला चिकटवला, मुंगीचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर.

संध्याकाळी मुंगीच्या कपाळाला हात लावला. कोमट. थर्मामीटर लावलं, नव्व्याण्णव पॉइंट चार. मी वहीत वेळ लिहिली, खालच्या काकांना फोन करून कारची किल्ली खुंटीला ठेवायला सांगितली, आणि खुर्ची ओढून तिच्या पाळण्याशी बसले.