शेवटच्या वावराची ओ

उखर्डूआबा सकाळपासून एकटेच पाट उकरत होते. बेशरमाची झुडपं मुळासकट उपटायची, गाळ काठावर फेकायचा, पुन्हा वाकायचं. पांझरा नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यातून निघालेला हा पाट पूर्वी अख्ख्या फडाला, म्हणजे गावाने मिळून भिजवायच्या शिवाराला, पाणी द्यायचा. आबा त्याचे पाटकरी, वावरावावरात पाणी वाटून देणारे. आता ज्याच्या त्याच्या विहिरीवर मोटार होती, बंधाऱ्याचे दगड निखळत होते आणि आबांच्या सोबतीला बंधाऱ्यामागच्या डोहातली पाणमांजरं तेवढी उरली होती. बंधारा असाच गळत राहिला तर डोह आटणार होता आणि तीही जाणार होती.

शेजारच्या वावरातल्या देवचंदने विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून डोकं काढलं.

“आबा, पाट उकरी राहिनात का सोनं सोधी राहिनात?”

“तू ये. सापडनं ते आर्धं तुनं.”

“मनी मोटार शे ना. बटन दाबं का पानी.”

“आन लाइट गयी का?”

“मंग खाट शे!”

देवपूरच्या एका संस्थेने जुने बंधारे आणि नदीतले प्राणी राखण्यासाठी अनुदान काढलं होतं. बंधारा ते दुरुस्त करून देणार होते. अट एकच, पाट गावाने मिळून साफ करावा. गाव एकत्र येतं का, ते बघायला संस्थेच्या लताबाई येणार होत्या.

पाटसफाईची आमच्याकडे रीत ठरलेली. पाटकरी बंधाऱ्यावरून एकेका वावराच्या नावाने हाक मारतो. ज्याने ओ दिली, त्याच्या घरचा माणूस दुसऱ्या दिवशी उजाडताना फावडं घेऊन पाटावर हजर. ओ देऊन न येणाऱ्याचं पाणी तुटतं. मोटारी आल्यापासून आबांनी हाक मारलीच नव्हती.

पाट उकरायला कुणी तयार नव्हतं, म्हणून सरपंच मोतीलालने तोड काढली.

“बाई उन्यात का तुम्ही हाक मारा, आबा. मी बठ्ठासले सांगी ठेवस, नुसती ओ द्या. कामनं मांगे देखू.”

“खोटी ओ?”

“नाटक समजा. बंधारा ते व्हई जाई.”

आबांना ते पटलं नाही. पण डोहाकडे बघून त्यांनी मान डोलावली.

लताबाई आल्या त्या दिवशी वारा पडलेला होता. आबांनी डोक्याचं फडकं सारखं केलं आणि तळवे तोंडाशी धरले.

“देवचंदनं वावर होऽऽ!”

देवचंद विहिरीच्या काठावर उभा होता, सगळ्यांना दिसत होता. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि तो खाली बसला.

यादवच्या नावाने हाक गेली. मगनच्या. भागाबाईच्या. कुणी बैलाचा कासरा सोडायला लागलं, कुणी पाठ फिरवली. शिवारभर माणसं होती आणि आवाज नव्हता.

“काय व्हयनं यासले?” मोतीलाल कुजबुजला. “काल ते बठ्ठा कबूल व्हतात.”

आबांना कळलं होतं. हीच माणसं बाजारात दिवसभर खोटं बोलली असती. पाटकऱ्याला खोटी ओ देणं त्यांच्याने होईना.

शेवटचं वावर द्रौपदाबाईचं. पूर्वी तिच्या नवऱ्याने ओ दिली होती आणि तो आला नव्हता. आबांनी त्याचं पाणी तोडलं, उभा गहू वाळला. नवरा गेला तरी ती आबांशी बोलली नव्हती. आबा जरा थांबले. मग हाक मारली.

पाटाच्या टोकाकडून, फार लांबून, बारीक आवाज आला.

“ओऽऽ!”

लताबाईंनी आणखी वाट पाहिली. “एवढंच?”

“हां बाई. येकच.”

“एका घराला गाव म्हणता येत नाही, आबा. मला वाईट वाटतं.”

जीप गेली. मोतीलाल उखडला. “तुम्हनी रीतमुये बंधारा गया, आबा!”

“रीत जित्ती शे, येवढं ते कयनं,” आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना द्रौपदाबाई पाटाच्या टोकाला फावडं घेऊन उभी होती. आबा तिथवर चालत गेले.

“कशाले उनी वो? ती बाई ते गयी.”

“ओ दिधी ना मी.”

“मी तुम्हनं पानी तोडं व्हतं.”

“इसरनी नही मी.” तिने वर न बघता फावड्याने बंधाऱ्याकडे दाखवलं. “तुम्ही तथाईन या. मी आथाईन येस.”

आबा बंधाऱ्याशी परतले. मधे सगळा पाट बेशरमाने भरलेला. या टोकावरून ते टोक दिसत नव्हतं.

दुपारी लाइट गेली. मोटारी थांबल्या. डोहात पाणमांजराने बुडी मारली, पाणी हललं आणि पुन्हा स्थिर झालं. आबांनी हातातलं काम थांबवून कान लावला. लांब, अगदी लांब, दुसरं फावडं वाजत होतं.