पिठाची चाळणी नदीत उतरते

मित्रांनो, शिंप्याच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली, एका बाजूला पोचा आलेली ती जुनी चाळणी म्हणजे मी. एका कारागिराने पत्र्याच्या कड्यात तारेची बारीक जाळी ताणून मला बनवले आणि शिंप्याच्या बायकोने बाजारातून मला निवडून आणले. रोज तिच्या हाताच्या थापट्या खात मी पीठ चाळले. पीठ खाली पडायचे, कोंडा माझ्यात राहायचा. माझ्यासारखी चाळणी शोधून सापडायची नाही, असे ती शेजारणींना सांगायची आणि मी मनातल्या मनात फुगायचे.

मग ती वारली. घरात तयार पीठ येऊ लागले आणि मी धूळ खात पडले. मला फार वाईट वाटले, पण शिंप्याचे हाल माझ्याहून वाईट होते. त्याला एकच नाद होता, नदीवर मासे धरण्याचा. बारीक गळावर दोरा आणि पिसे गुंडाळून तो खोट्या माशा, म्हणजे उडत्या किड्यांची सोंगे, करायचा आणि लांब काठीने पाण्यावर अलगद सोडायचा. पण त्या वर्षी मासे या सोंगांकडे ढुंकूनही बघेनात. आपले हातच गेले असे म्हणून त्याने काठी कपाटामागे टाकली आणि दिवसभर खिडकीशी गप्प बसू लागला. शिलाईचे काम आता मुलगी बघत होती. बाबा असेच बसून राहिले तर आपल्या हाती लागणार नाहीत, ही भीती तिला सुखाने जेवू देईना.

तिने बाबांच्या माशा काढून पाहिल्या. लाल पिसे, जरीचा दोरा, टाके कसे अगदी रेखीव! सगळ्या लग्नाला निघाल्यासारख्या नटलेल्या. मासे रोज खातात तरी काय, हे आधी बघावे, असे तिच्या मनात आले. तिने मला खिळ्यावरून काढले.

"ती तुझ्या आईची चाळणी आहे. जागेवर ठेव," शिंपी म्हणाला.

"नुसती टांगून गंजेल, बाबा. तुम्हीच चला की नदीवर, तिला सांभाळायला."

तो आला, कुरकुरत, पण आला. काठी आणि गळ-दोऱ्याची पिशवी मुलीने आधीच बरोबर घेतली होती.

मुलीने मला वाहत्या पाण्यात धरले आणि पाणी जिकडून येत होते त्या बाजूचा, माझ्याजवळचा एक दगड उलटा केला. पाणी जाळीतून निघून गेले. माझ्यात उरले ते तीन शेपट्यांचे मातकट किडे आणि वाळूची एक इवलीशी नळी. लाल नाही, सोनेरी नाही. नळीतून एक काळे डोके बाहेर आले. शिंप्याने चष्मा पुसला आणि माझ्यावर वाकला.

"अगं, हा तर आपल्याच धंद्यातला," तो म्हणाला. "वाळूचा कण न् कण बेतून अंगरखा केलाय. शिवण कुठे दिसत नाही."

त्याच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जीव आला होता. दोघांनी तिथेच बसून गळावर मातकट दोऱ्याचा, विस्कटलेला एक किडा बांधला. इतके गबाळे काम आपण गिऱ्हाइकाला कधी दिले नाही, असे शिंपी पुटपुटला. गिऱ्हाईक मासा आहे, असे मुलीने हसून सांगितले. या वेळी त्याने गळ पाण्यावर न ठेवता, किडे राहतात तिथे, दगडांजवळ बुडू दिला. थोड्याच वेळात काठी वाकली.

मुलगी आनंदाने सामान आवरू लागली. शिंपी मात्र पुन्हा पाण्यात उतरला. त्याने तो दगड होता तसा ठेवला, मला बुडवून सगळे किडे सोडले आणि अंगरखेवाल्याला बोटाने दगडाच्या आडोशाला लावले. मग मला आपल्या सदऱ्याने कोरडे पुसले.

"तुझी आई हिला कधी ओली टांगायची नाही," तो म्हणाला.

आता ऋतू बदलला की किडे बदलतात, म्हणून तो आधी मला पाण्यात धरतो आणि मगच गळ बांधतो. मित्रांनो, तुम्हीही नदीतला दगड जरूर उलटून बघा, पण बघून झाले की होता तसा ठेवा. आणि घरात कुणी माझ्यासारखे उगीच टांगून राहिले असेल, तर त्याला खाली काढा. मला आता गंजायला फुरसत नाही, आणि शिंप्यालाही नाही.