साधं लिहून पाठव

चिमीचं ऑफिसातलं काम म्हणजे ईमेल नटवणं. दुकानांच्या जाहिराती ती अशा सजवायची की बघणाऱ्याने बघतच राहावं. पण हाताखालच्यांना तिची एकच ताकीद असे: "सजवलेल्या मेलसोबत साधा मजकूरही जोडा. समोरच्याला चित्र दिसेलच असं धरून चालू नका." कुणी विसरलं की बाई त्याचा चारचौघांत पाणउतारा करायच्या.

आणि स्वतःच्या लग्नाच्या आमंत्रणाला मात्र बाईंनी अक्कल गहाण ठेवली. अख्खं आमंत्रण एका चित्रात बसवलं. सुबक अक्षरं, कडेने वेलबुट्टी. खालची साध्या मजकुराची चौकट कोरीच ठेवली, कारण तसं लिहिलं की ते विजेच्या बिलासारखं दिसत होतं.

मावशीच्या आमंत्रणात चार ओळी जास्त होत्या. चिमीला लहानाची मोठी मावशीनेच केलेलं. पण चिमीने निवडलेल्या मुलावरून दोघींचं बिनसलं आणि वर्षभर अबोला राहिला. फोन करायला चिमीची जीभ रेटेना, म्हणून तिने चित्रातच लिहिलं: "मावशी, मी फार लागेल असं बोलले. चुकलं माझं. तू नक्की ये."

उत्तर आलं: "मिळालं. साधं लिहून पाठव."

चिमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माफी मागितली तरी हिला नावंच ठेवायची आहेत! तिने उत्तर दिलं नाही, आणि मावशी लग्नाला आली नाही.

ज्याच्यावरून बिनसलं तो नवराच शेवटी म्हणाला, "मोठ्या आहेत त्या. चल, आपणच जाऊ."

दार उघडून मावशीने चिमीचा चेहरा हाताने चाचपला. वर्षभरात तिचे डोळे पार गेले होते. हल्ली कॉम्प्युटरच तिला मेल मोठ्याने वाचून दाखवायचा.

"तुझी मेल ठेवलीये हं," म्हणत तिने सवयीने कळ दाबली.

"चित्र," कॉम्प्युटर म्हणाला आणि गप्प झाला.

"डोळ्यांचं का नाही सांगितलंस गं?"

"कीव येऊन बोलली असतीस. ते नको होतं मला." मावशीने पुन्हा कळ दाबली. "चित्र," कॉम्प्युटर म्हणाला. मावशी म्हणाली, "दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचा धीर झाला नाही. म्हटलं, आत भांडणच असलं तर? काय होतं गं त्यात?"

चिमीने खुर्ची पुढे ओढली आणि वाचायला लागली. 'चुकलं माझं'पाशी तिला रडू फुटलं. तरी तिने पुढे वाचलं, उलटून गेलेल्या तारखेपर्यंत सगळं वाचलं.



"आले असते गं," मावशी म्हणाली.