पंधरा हातांवरची बशी

मास्तरांनी शिवलेली पँट घालायची तर आधी धीर धरायला शिकावं लागतं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मास्तर म्हणजे टेलर. हाताला सफाई अशी की शिवण कुठे आहे ते शोधावं लागे. पण वायद्याच्या नावाने बोंब. दुकानात कुणीही डोकावलं की मशीनवरची मान वर न करता ते म्हणायचे, "परवा या." पोस्टमनची खाकी पँट अशी पाच आठवडे परवावर अडकून पडली होती.

अशा माणसावर मासेमारी शिकायची पाळी आली ती सासऱ्यांमुळे.

सासरे पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. सासूबाई गेल्यापासून लेकीकडेच असत आणि दर रविवारी सकाळी नदीवर जात. तेही गांडुळं लावून काठावर पेंगायला नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून ते गळावर खोटी माशी बांधत, लांब लवचिक काठीने दोरी हवेत मागे-पुढे झुलवत आणि ती माशी पाण्यावर इतकी अलगद उतरवत की माशाला वाटावं, खरीच येऊन बसली. पण गेल्या महिन्यात ते काठावरच्या दगडावरून घसरले आणि कमरेपर्यंत भिजून घरी आले. लेकीने काठी उचलून कपाटात कोंडली.

"बाबा, एकटं जायचं नाही. ह्यांना बरोबर न्या, नाहीतर नदी बंद."

"ह्यांना?" सासरे म्हणाले. "त्यापेक्षा म्हैस नेतो. मासे कमी घाबरतील."

झालं, नदी बंद. दोन रविवार म्हातारा खिडकीशी बसून चांगली चालू घड्याळं उघडत होता आणि परत मिटत होता. जेवणात लक्ष नाही, कुणाशी भांडण नाही. वीस वर्षांत या दोघांचं हवा आणि मीठ सोडून बोलणं झालं नव्हतं, तरी मास्तरांना ते बघवेना. तिसऱ्या रविवारी ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला शिकवा."

सासऱ्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "महिनाभर शिकवतो. मग पंधरा हातांवर चहाची बशी ठेवायची. तीन वेळा टाकायचं, एकदा तरी माशी बशीत पडली पाहिजे. पडली तर बरोबर या. नाही पडली तर माझा विषय संपला."

चांगली काठी कपाटातच, म्हणून शिकवणी मागच्या अंगणात एका जुन्या काठीवर सुरू झाली. "समजा, तुम्ही घड्याळात उभे आहात," सासरे म्हणाले. "डोक्यावर बारा. काठी पुढे दहावर थांबली पाहिजे, मागे एकवर. मनगट वाकवायचं नाही."

आता टेलरचं सगळं आयुष्य मनगटात गेलेलं. मास्तरांची काठी मागे जायची ती थेट चारवर, आणि माशी वाळत घातलेल्या कपड्यांत. पहिल्या आठवड्यात त्यांनी बायकोचा गाऊन, दोन चादरी आणि स्वतःचा उजवा कान पकडला. शेवटी वैतागून त्यांनी सदऱ्याच्या बाहीवर जाड कापडाचा पट्टा शिवला आणि काठीचं बूड त्यात खोचलं. मनगटाची काय बिशाद हलायची.

"पोस्टमनला पाच आठवडे," बायको म्हणाली, "आणि हा पट्टा एका दुपारी?"

मास्तर तिच्याकडे पाठ करून दोरी झुलवायला लागले.

मनगट सुधारलं, तर घाई नडली. मागे गेलेली दोरी सरळ व्हायच्या आत मास्तर ती पुढे ओढायचे. चाबकासारखा फटका वाजायचा आणि माशी तुटून शेजाऱ्यांकडे जायची.

"अहो, मागे पोचू तर द्या तिला. थांबा जरा."

"किती थांबायचं?"

सासरे त्यांच्याकडे बघतच राहिले. "अख्ख्या गल्लीला ताटकळत ठेवणारा माणूस मला विचारतोय, किती थांबायचं. गिऱ्हाइकाला काय सांगता तुम्ही?"

"परवा या," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले.

"मग दोरीलाही तेच सांगा. बरोबर तेवढाच वेळ लागतो."

आणि काय सांगावं, जमलं की. काठी मागे, परवा या, काठी पुढे. दोरी हवेत सुरेख उलगडायला लागली. मास्तर तर दुकानातही कैची बाजूला ठेवून हात झुलवायला लागले.

परीक्षेच्या रविवारी बशी मांडली. पहिली माशी बशीच्या पार पलीकडे गेली. दुसरीला काठी मागे नेऊन मास्तर "परवा या" पुटपुटले, तोच मागच्या फाटकातून आवाज आला, "अहो, आज तरी असं म्हणू नका." पोस्टमन. मास्तर दचकले, दोरी त्यांच्याच गळ्यात पडली. बायकोने पोस्टमनला दंडाला धरून पायरीवर बसवलं.

आता शेवटची. काठी एकवर थांबली, दोरी मागे सरळ झाली, पुढे आली, आणि माशी हळूच खाली उतरली.

"पडली?" सासऱ्यांनी विचारलं.

माशी बशीबाहेर होती. बायको बापाच्या पाठीमागून हातवारे करून सांगत होती, हो म्हणा. पँटच्या आशेने पोस्टमनही जोरजोरात मान हलवत होता. मास्तरांनी सासऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्याची नजर बशीवर नव्हतीच. बशीच्या दोन हात डावीकडे तुळतुळीत पांढरा दगड होता, त्याच्याकडे ते डोळे बारीक करून बघत होते. त्यांना तो दगडच बशी वाटत होता. एक 'हो' म्हटलं असतं तर सगळंच भागत होतं. पण तारखेच्या बाबतीत हा माणूस जन्मभर थापा मारत आला असला, तरी मापाच्या बाबतीत त्याची जीभ कधी घसरली नव्हती.

"नाही," ते म्हणाले. "वीतभर अलीकडे. चार बोटं उजवीकडे."

बायकोने कपाळावर हात मारला. सासरे चाचपडत पायरीशी आले आणि पोस्टमनला सरकवून बसले.

"आठ महिने झाले," ते म्हणाले. "माशी कुठे पडते ते मला दिसत नाही. काठी हलते, दोरी जाते, पुढचं सगळं धुकं. दगडावरून घसरलो तोही त्यामुळेच. हिला गच्चीवर टाकून दाखवलं, तर ही म्हणते, वा बाबा, छान. शेजारीही छान म्हणतात. एवढं छान चाललंय तर मासा का लागत नाही, हे मी कुणाला विचारायचं?"

लेक आत गेली आणि कपाटातली काठी घेऊन बाहेर आली.

"पुढच्या रविवारी सहाला निघू," सासरे जावयाला म्हणाले. "मी टाकीन. तुम्ही शेजारी उभं राहून सांगायचं, किती हात, कुठल्या बाजूला. आत्ता सांगितलंत तसं."

"आणि मी कधी टाकायचं?"

"तुम्ही कशाला? मासे घाबरतील."

वीस वर्षांत सासऱ्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी पायरीवर बसून, म्हातारा कपाटातल्या काठीला बांधायला निघाला होता तो गळ त्याच्या हातातून घेतला आणि गळाच्या बारक्या नेढ्यात दोरा ओवून दिला.