निऱ्या पुढे, निऱ्या मागे

ऑगस्टचा उत्तरार्ध. डोंगरांच्या उतारांवर हेदर फुललेला. जांभळा, जांभळाच सगळा, आणि ढगाची सावली पडेल तिथे अधिक गहिरा, अधिक मूक. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या त्या दरीत ऊन पाहुण्यासारखं येतं आणि उंबऱ्यातूनच 'निघतो' म्हणतं. म्हणून लोक त्याला आग्रहाने बसवून घेतात. त्याच्यासाठी पांढरे तंबू ठोकतात, हिरव्या गवतावर चुन्याच्या रेषा आखतात, ढोल काढतात. वर्षातून एकदा, त्या एका शनिवारी, दरीत कुळांचा उत्सव भरतो.

रजतवर्णी सरोवर. दवार्द्र गवत. आणि दूरवरून येणारा बॅगपाइपचा सूर: आर्त, अखंड, श्वासासाठीही न थांबणारा. तो सूर सरोवर ओलांडून आला, मेंढ्यांच्या कुरणावरून आला, आणि मैदानापासून दोन वळणांवरच्या एका दगडी घराच्या खिडकीशी येऊन थबकला. आत मिरजेची कुंदा आपल्या नवऱ्याला किल्ट नेसवत होती.

हो, नेसवतच होती. किल्ट घालत नाहीत, नेसतात. लोकरीचं जाडजूड, लांबलचक वस्त्र कमरेभोवती गुंडाळायचं, कडेला कातडी पट्ट्यांनी आवळायचं. पुढे एकावर एक दोन सपाट पदर, मागे निऱ्या. गर्द हिरव्यावर निळ्या चौकटी, आणि चौकटींमधून धावणारी एकच तांबडी रेघ. ही फर्गसच्या कुळाची खूण. वस्त्र पुरुषाचं, पण नेसण्याचा सोहळा आपल्या नऊवारीच्या तोडीचा.

फर्गस त्या दरीतल्या चिमुकल्या स्टेशनाचा स्टेशनमास्तर होता. उंच, ताम्रकेशी, करड्या भुवयांचा, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. गाडी उशिरा आली तर तो गाडीवर रागावे, वेळेआधी आली तर अधिकच रागावे. उत्सवाच्या दिवशी मात्र त्याच्या रागाला बहर येई. काठी घेऊन तो मैदानाच्या फाटकाशी उभा राही, आणि किल्ट चुकवून आलेला एकही माणूस त्याच्या तावडीतून सुटत नसे.

"काठ गुडघ्याच्या मध्यावर! पोटरीवर आला की तो किल्ट नाही, म्हातारीचा झगा!" "पिन वरच्याच पदराला! दोन्ही पदर टोचलेस, आता पाऊल कसं टाकणार?" "बुटाच्या नाड्या गुडघ्यापर्यंत चढवल्यास? तू माणूस आहेस की वेल?" असं झापून झालं की तो स्वतःच समोर गुडघे टेकी आणि सगळं नीट करून देई. त्याची बोटं तेव्हा फार हळुवार होत. दरीतले लोक म्हणत, फर्गसने झापलं नाही तर उत्सवाला आल्यासारखं वाटत नाही.

आणि घरात कुंदा होती, त्याला पुरून उरणारी. तरुणपणी नर्स म्हणून ती या दरीतल्या इस्पितळात आली, मोडलेला पाय घेऊन आलेल्या फर्गसशी पहिल्याच दिवशी भांडली, आणि त्याच्याशीच लग्न करून बसली. तिचं आणि त्याचं खरं भांडण मात्र एकच होतं. निऱ्या पुढे की मागे?

"निऱ्या म्हणजे वस्त्राचं तोंड," ती म्हणे. "तोंड कुणी पाठीला लावतं का?" त्यावर फर्गस उसळे. "अगं येडे!" हा शब्द तिनेच त्याला शिकवलेला, तो त्याने तिच्यावरच परजलेला. "निऱ्या मागे झुलायला हव्यात. पुढे घेतल्या तर पोटाशी मेंढी लपवल्यासारखा दिसेन मी!" हा वाद बर्फात चालला, बाळंतपणांत चालला, भाकरी थापताना चालला. तो मिटावा असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं. संसाराच्या चुलीतला तो विस्तव होता, आणि दोघंही आळीपाळीने त्यावर फुंकर घालत.

मग विस्मरण आलं.

हलक्या पावलांनी आलं. आधी त्याचा चष्मा हरवला, मग किल्ल्या, मग नावं, मग शब्द. सगळ्यांत शेवटी राग गेला. आणि राग गेला तेव्हा कुंदाला कळलं, घरातलं माणूस कमी झालं आहे. डॉक्टर म्हणाले, तुमचं नशीब चांगलं, पुष्कळ रुग्ण उलट चिडखोर होतात, हे फार शांत आहेत. ती मान डोलवून घरी आली. ज्याचं जळतं त्याला कळतं. तिच्या वाघाची शेळी झाली होती आणि लोक तिला नशीबवान म्हणत होते.

त्या शनिवारी खिडकीतून सूर आला, आणि फर्गस खुर्चीतून आपणहून उठला. एवढंच. पण कुंदाच्या पोटात आशेची पणती लागली. तिने कपाटातून किल्ट काढला, लोकरीचा वास हुंगला, आणि त्याला खिडकीच्या उजेडात उभं केलं. तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर होते, तिथे काही हलतं का ते शोधत होते. हात आपापलं काम करत होते. आईने शिकवलेले, आजीने वळण लावलेले, मिरजेचे हात. पट्टा आवळून ती मागे सरली तेव्हा तिला दिसलं: निऱ्या पुढे आल्या होत्या. साऱ्या निऱ्या, एकावर एक, पोटाशी.

ती खुदकन हसली. सोडायला हात पुढे केला.

आणि हात तसाच राहिला. तिच्या मनात एक वेडी, लाजिरवाणी, चमकदार कल्पना आली. राहू दे. असंच राहू दे. आता हा भडकेल. आता त्या करड्या भुवया चढतील, आता तो शब्द येईल. तिने त्याला धरून आरशापुढे नेलं आणि श्वास रोखून उभी राहिली.

फर्गसने आरशात पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. तो प्रसन्न हसला. "छान," म्हणाला.

आरशाला काय कळतं, असं कुंदाने स्वतःला समजावलं. मैदानावर नेऊ. तिथे ढोल आहेत, तिथे कुळांचे ध्वज आहेत, तिथे त्याला ओळखणारी माणसं आहेत. कुणीतरी हसेल, कुणीतरी चिडवेल, आणि त्या ठिणगीने तो पेटेल. आपण नवऱ्याचं चारचौघांत हसं करायला निघालोय, हे तिला पुरतं कळत होतं. तिला त्याची शरम वाटली, आणि तरीही तिने त्याच्या हातात काठी दिली. एका रागासाठी ती तहानलेली होती. एकदाच त्याने 'येडे' म्हणावं, मग खुशाल पुन्हा शांत व्हावं.

मैदान रंगांनी ओसंडत होतं. लाल चौकटी, पिवळ्या चौकटी, पाचूसारखे हिरवे, रात्रीसारखे निळे. तरुण मुलं ओंडके फेकत होती, मुली तलवारींवरून पावलं न चुकवता नाचत होत्या. फाटकाशी, आपल्या जुन्या जागी, फर्गस उभा राहिला. कुंदाने त्याला मुद्दामच तिथे उभं केलं होतं.

आणि चुकलेले किल्ट येऊ लागले. पायजम्यासारखा कमरेखाली घसरलेला एक आला. पोटरीवर लोळणारा एक आला. दोन्ही पदर पिनेने टोचून अडखळत चालणारा, नाड्या गुडघ्यापर्यंत चढवलेला, परदेशातून आलेला एक हौशी पाहुणा आला. कुंदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. बोल. बोल रे. फर्गसने पाहुण्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "छान." पुढच्याला म्हणाला, "छान." साऱ्यांनाच म्हणाला, छान, छान. पाहुण्याने खूश होऊन त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला.

पाहुण्यांना काही कळलं नाही. कळलं ते दरीतल्यांना. चहाच्या तंबूतली मोराग समोर आली. तिची नजर निऱ्यांवर गेली, पटकन वर आली. "हवा टिकली म्हणायची आज," ती म्हणाली. पोस्टातला म्हातारा आला, नजर खाली, नजर वर, "ऊन बरं पडलंय." ढोलवाले आले, मेंढपाळ आले, ज्यांना फर्गसने भर मैदानात झापलं होतं ते सगळे आले. प्रत्येकाने पाहिलं. आणि प्रत्येकजण हवेविषयी बोलला.

कुंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. हवा! काय तर म्हणे हवा! हसा ना मेल्यांनो, बोट दाखवा, टाळ्या पिटा! पण कुणी हसलं नाही. सगळे फार चांगले वागले. तेव्हा हळूहळू, गवतात ओल चढावी तशी, एक गोष्ट तिच्या मनात चढत गेली. माणसं चिडवतात ती आपल्यातल्याला. जो आपल्यात उरला नाही, त्याला सांभाळून घेतात.

शेवटची आशा डंकन होता. डंकन म्हणजे फर्गसचा बालमित्र. किल्टवर पुढे लटकवायचा, रात्रीच्या समारंभाचा चंदेरी बटवा भर दिवसा कमरेला लावून आला, म्हणून फर्गसने एक अख्खा हिवाळा त्याच्याशी अबोला धरला होता. तो डंकन आज कुळातल्या वृद्धांची रांग लावत होता; थोड्याच वेळात ही मंडळी मैदानाला फेरी घालणार होती. त्याने फर्गसला पाहिलं. निऱ्या पाहिल्या. जवळ येऊन मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. "देखणा दिसतोयस, गड्या."

"डंकन," कुंदा म्हणाली, "खोटं बोलू नकोस. हस त्याला."

डंकनने रांगेकडे पाहिलं.

"तुझी अशी चूक झाली असती तर सोडलं असतं का त्याने तुला?"

"नसतं सोडलं."

"मग बोल ना! शिवी दे, काहीही म्हण!"

डंकनने टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली. त्याचे डोळे भरून आले होते. "तो उलट बोलणार असता ना कुंदा," तो म्हणाला, "तर बोललो असतो."

तिने नवऱ्याचा हात धरला आणि त्याला तंबूच्या मागे नेलं. तिथे सावली होती, सरोवराचा वारा होता, आणि पाहणारं कुणी नव्हतं. ती ओल्या गवतावर गुडघे टेकून बसली. पट्टे सोडण्याआधीच फर्गसने दोन्ही हात वर केले, अंघोळीला उभ्या केलेल्या लेकरासारखे. तिने किल्ट सोडला, फिरवला. हिरवं, निळं, तांबडं त्याच्याभोवती वळलं. तिचे हात थांबले. एकदाच विचारू, शेवटचं.

"फर्गस, खरं सांग. निऱ्या पुढे की मागे?"

त्याने विचार केला. मनापासून केला, कपाळावर आठी पडली, आणि त्या आठीकडे कुंदा जीव डोळ्यांत आणून पाहत राहिली. मग आठी विरली. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला.

"तू म्हणशील तशा."

इतक्या वर्षांचा वाद ती जिंकली होती. मैदानावर कुणीतरी ओंडका फेकला, टाळ्यांचा कडकडाट झाला. कुंदाला वाटलं, हे जिंकणं कुणीतरी परत घ्यावं.

"नाही!" ती ओरडली. मराठीत ओरडली. "मागे! मागेच असतात निऱ्या! पुढे घेतल्यास तर मेंढी लपवल्यासारखा दिसतोस! किती वेळा सांगायचं रे येड्या, किती वेळा?" त्याची बाजू ती मांडत होती, त्याचे शब्द ती बोलत होती, भांडण तेवत राहावं म्हणून दोन्ही बाजूंनी एकटीच भांडत होती. त्याला त्यातलं किती कळलं कोण जाणे. आवाज मात्र कळला. तो दचकला. त्याचा चेहरा बावरला, आणि आयुष्यात कधीही, कुणापुढेही, गाडीपुढेसुद्धा न उच्चारलेले शब्द तो अगदी हळू आवाजात बोलला.

"चुकलं माझं."

कुंदाने कपाळ त्याच्या गुडघ्यांना टेकवलं. "नाही रे," ती म्हणाली, "नाही रे राजा, तुझं नाही." मग नाक पुसून तिने पट्टे आवळले, पिन लावली, काठ सरळ केला. तेवढंच तिच्या हातात होतं.

ढोल वाजला. पाइपांचे सूर एकवटून उठले, आणि कुळातल्या वृद्धांची रांग हलली. डंकनने फर्गसचा दंड धरला होता. कुंदा चुन्याच्या रेषेअलीकडे थांबली; पलीकडची वाट कुळातल्या पुरुषांची होती. फर्गस चालू लागला. सगळं नियमाप्रमाणे होतं, बोट ठेवायला जागा नव्हती. लोक टाळ्या वाजवत होते. त्याने वळून पाहिलं नाही.

मागच्या निऱ्या दिसतात त्या मागे राहणाऱ्याला. पाऊल पडे, आणि निऱ्या उजवीकडे. पाऊल पडे, आणि निऱ्या डावीकडे. उघडत होत्या, आतली तांबडी रेघ दाखवत होत्या, मिटत होत्या. उघडत होत्या, मिटत होत्या. गवतावरून, उन्हामधून, लांब, आणखी लांब.